नमुना क्रमांक सतरा

गुरुवारी भोसरीत कारखान्यांना सुट्टी,
म्हणून सगळे वेल्डर गुरुवारीच आले,
दोन बस बदलून पाषाणला,
आणि बाह्या सरसावून बाकावर बसले.
मी प्रत्येकाला विचारलं :
वय, तंबाखू, किती वर्षं या कामात.
सतराव्याला काही विचारलं नाही.
सतराव्यानं सकाळी माझ्याच हातचे पोहे खाल्ले होते.

बाबा लोखंडी चक्री जिने करतात.
मधे खांब, भोवती पायऱ्या,
प्रत्येक पायरी आधीचीपासून तीस अंश वळलेली.
जिना उभा राहिला की रात्री दिवा न लावता चढून बघतात.
“डोळा फसतो गं, पाऊल फसत नाही.”
अरण्येश्वरच्या एका गच्चीला
नववी पायरी करंगळीभर कलली होती.
गिऱ्हाईकाला दिसलीही नव्हती.
बाबांनी हातोडी मारली, बद्द वाजली.
अन्वरमामाकडून ग्राइंडर मागवला,
कापली, नवी बसवली,
त्याचे पैसे लावले नाहीत.

माझ्या जिन्याला छत्तीस अंश.
तो कुणी चढत नाही, त्याची नुसती नक्कल होते,
या क्षणी तुमच्या हाडांतही होत असेल.

तिथे ग्वानिन म्हणून एक अर्धी पायरी असते.
स्टीलच्या धुरातून क्रोमियम आत उतरतं,
आतही ठिणग्या उडतात,
आणि ऑक्सिजनचा एक अणू, एकच,
ग्वानिनला येऊन चिकटतो.
मोडत काही नाही.
ग्वानिन फक्त अवघडतं, कूस बदलतं,
जी बाजू सायटोसिनकडे असायची ती फिरते,
आणि दुसऱ्या बाजूनं ते अ‍ॅडेनिनचा हात धरतं.
रुंदी तेवढीच. बाहेरून गज लावला तर माप बरोबर.
नक्कल करणारं विकर चाचपत येतं,
थबकत नाही, पुढे जातं.

“पावलालाही कळत नाही?” बाबा म्हणाले.
नाही.
मग बराच वेळ ते कपातली साय बाजूला करत राहिले.
मी सांगितलं नाही ते असं :
पुढच्या नकलेच्या नकलेत
चूक चूक राहत नाही,
तिथून पुढे तीच मूळ प्रत.

अंधाऱ्या खोलीत जेलमधून वीस मिनिटं वीज सोडतो आम्ही.
शाबूत पेशी गोल राहते.
जिचे धागे तुटलेत ती
धूमकेतू होते : डोकं,
आणि मागे वाहत गेलेली शेपटी.
माणशी शंभर पेशी, शंभर शेपट्या, मोजपट्टीनं.

मोजणाऱ्याला माणूस कळू नये म्हणून
वैशंपायन मॅडमनी क्रमांक बदलून
यादी कपाटात ठेवली, किल्ली पर्समध्ये.
पद्धत चोख आहे, मीच विद्यार्थ्यांना शिकवते.
पण सतरा नंबर आता कोणत्या काचेवर आहे
ते ठाऊक नाही म्हटल्यावर
बावीसच्या बावीस काचा बाबांच्याच झाल्या.
लांब शेपटी दिसली की मी डोळा काढून घ्यायची,
चष्मा पुसायची,
परत मोजायची. आकडा तोच यायचा.

काल फोनवर विचारत होते,
“आत दुरुस्तीला कुणी असतं का?”
असतं, म्हटलं. पायरी न् पायरी तपासत जातं,
संशय आला तर तेवढा तुकडा बाहेर वळवून बघतं,
कापून टाकतं. मग दुसरं कुणी येऊन नवा बसवतं.
“रात्रपाळीला पण?”
रात्रपाळीला पण.
“आणि काम वाढलं तर?”

मागून कोणीतरी लोखंड ओढत होतं फरशीवरून.
मी विचारलं, मास्क लावलाय ना?
“आहे की,” म्हणाले. “गळ्यात आहे.”